हिरव्या गायीचा ठराव

पडद्यावरची गाय लाल झाली तेव्हा कुऱ्हाळ्याच्या दूध संस्थेच्या सभागृहातले सगळे लोक लीलाधर आप्पा वारक्यांकडे पाहायला लागले. गाय त्यांच्या जमिनीवर उभी होती.

पडदा म्हणजे चेअरमनच्या घरून आलेली चादर. तिच्यावर फिकट गुलाब छापलेले होते, त्यामुळे माझ्या प्रोग्रॅममधल्या प्रत्येक गायीच्या पोटावर एकेक गुलाब उमटत होता. बाहेर मे महिना होता. भुसावळच्या आसपासचा मे महिना ज्यांना माहीत आहे त्यांना त्याबद्दल सांगायला नको, आणि ज्यांना माहीत नाही ते सांगून विश्वास ठेवत नाहीत. सभागृहाला पत्र्याचं छप्पर होतं. छताचा पंखा उकडलेली हवा एका कोपऱ्यातून उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवत होता.

मी तेव्हा नाशिकच्या एका कंपनीत होतो. उष्ण मुलखात दुभत्या जनावरांचा गोठा कुठे बांधावा, तोंड कुठे करावं, छप्पर किती उंच ठेवावं, हे सांगणारा एक प्रोग्रॅम कंपनीने तयार केला होता. त्याला जागा, वारा, ऊन, हवेतला दमटपणा आणि गायींची संख्या भरवली की तो गोठा उभा करायचा आणि त्यात गायी बांधून दाखवायचा. गाय सुखात असेल तर हिरवी, जरा कासावीस झाली की पिवळी, धापा टाकायला लागली की लाल. मी शेतकी पदवीधर होतो. गायीच्या प्रकृतीकडे तिच्या रंगावरून पाहायची मला सवय झाली होती आणि त्यात मला काही वावगं वाटत नव्हतं.

कुऱ्हाळ्याचा प्रश्न असा होता की संस्थेला सामाईक गोठा मंजूर झाला होता. घरोघरी पत्र्याच्या पडवीत उभ्या असलेल्या संकरित गायी तिथे एकत्र ठेवायच्या, पंखे लावायचे, पाण्याचे बारीक फवारे सोडायचे. मंजुरी आदल्या वर्षीही आली होती. गोठा कुठे बांधायचा यावर एकमत न झाल्यामुळे आली तशी परत गेली. या खेपेला वरून स्पष्ट कळवलं होतं की रविवारच्या खास सभेत दोन तृतीयांश मतांनी ठराव झाला तर ठीक, नाहीतर गोठा शेजारच्या तालुक्यात जाईल. तिढा सुटावा म्हणून, ज्याला कोणाचंच सोयरसुतक नाही असा कम्प्युटर बोलवायचं ठरलं. कम्प्युटर एकटा येऊ शकत नाही म्हणून मी आलो होतो.

जागा तीन. एक लीलाधर आप्पांची, कालव्याच्या काठाला, तिन्ही बाजूंनी केळीच्या बागा. दुसरी हायस्कूलमागचं गावठाणाचं मैदान. तिसरी चेअरमन डिगंबर फेगडे, म्हणजे डिगूअण्णांचा बरड. बरड म्हणजे गावाच्या वरच्या अंगाचं मुरमाड टेकाड. तिथे सावलीला विजेचा एक खांब होता आणि त्याच्यावर तारा नव्हत्या.

कालव्याकाठी गाय लाल का झाली ते मी समजावून सांगितलं. केळीने वारा अडतो आणि हवा ओली राहते. माणसाला तिथे गार वाटतं, पण गायीच्या अंगातली उष्णता बाहेर पडायला कोरडा, वाहता वारा लागतो. मग मी मैदान दाखवलं. तिथली गाय सकाळी पिवळी आणि दुपारी लाल झाली. मग बरड दाखवला. बरडावरची गाय हिरवी होती. उन्हाच्या भरात ती घटकाभर पिवळट झाली आणि पुन्हा हिरवी झाली.

मग लीलाधर आप्पांनी अतिशय सौम्य आवाजात मला विचारलं, "साहेब, सकाळचा चहा कोणाकडे झाला?"

"चेअरमनसाहेबांकडे," मी म्हणालो.

"बस्स," आप्पा म्हणाले. टोपी घालून ते उठले आणि त्यांच्याबरोबर निम्मं सभागृह उठलं.

कुऱ्हाळ्यात माणूस कोणाचा हे तो काय बोलतो यावरून ठरत नाही, कोणाकडे जेवतो यावरून ठरतं. निवडणुकीच्या दिवसांत लोक प्रचाराची भाषणं ऐकत नाहीत. कोणाच्या ओट्यावर कोणाची ताटं पडली तेवढं जाता-येता पाहून ठेवतात आणि निकाल आधीच सांगतात. पाहुणा ज्याच्या घरी पाण्याच्या पुढे काही घेतो, त्याचा होतो. चहा म्हणजे साखरपुडा आणि जेवण म्हणजे लग्न. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी प्रोग्रॅममध्ये भरायला जागा नव्हती.

खरी अडचण यापेक्षा मोठी होती. सकाळी चहा पिताना अण्णांनी मला खरोखरच सांगितलं होतं की गोठा बरडावर बसवा. गोठा आला की टेकाडावर पक्का रस्ता येणार होता, खांबाला तारा येणार होत्या, आणि कमानीवर त्यांच्या वडिलांचं नाव येणार होतं. मी म्हणालो, कम्प्युटर कोणाचं ऐकत नाही. त्याआधी आदल्या संध्याकाळी आप्पांनी माझ्या जीपमध्ये केळीच्या वेफर्सचं पोतंभर पुडकं ठेवून कालव्याकाठची शिफारस केली होती. त्यांनाही मी तेच सांगितलं. दोघांनीही माझं उत्तर मान डोलावत ऐकलं, कसलेल्या गवयाची जागा ऐकावी तसं.

सभा मोडल्यावर अण्णांनी मला बाजूला घेतलं आणि खांद्यावर हात ठेवला. "काम एकदम फिट केलंत."

"अण्णा, मी काहीही केलेलं नाही. ते खरंच तसं आहे."

"अगदी असंच म्हणायचं," अण्णा म्हणाले. "कोणी विचारलं तर चेहरासुद्धा असाच ठेवायचा."

इतकं निखळ खरं मी आयुष्यात पूर्वी बोललो नव्हतो आणि इतका मुरलेला लबाडही पूर्वी ठरलो नव्हतो.

संध्याकाळी दूध घालायची वेळ झाली. संस्थेच्या खिडकीशी किटल्या आणि कॅन घेऊन रांग लागली. खिडकीच्या आत कोकिळाबाई ढाके दुधाची फॅट काढायला बसत. नाव ठेवताना आईबापांनी घाई केली होती. आवाज फुटायची वाट पाहायला हवी होती. गावातलं प्रत्येक घर दिवसातून दोनदा त्यांच्या खिडकीशी येऊन उभं राहत असे. त्यामुळे कुऱ्हाळ्यात वर्तमानपत्र यायचं ते पुड्या बांधायच्या कामाला.

रांग संपल्यावर त्यांनी मला हाक मारली. "अहो, हिरवी गाय. या इकडे."

मी गेलो. त्यांनी हात पुसले, मला स्टुलावर बसवलं आणि विचारलं, "ती खरंच हिरवी आहे का अण्णांनी केली?"

"खरंच आहे. शपथेवर सांगतो."

"शपथा राहू द्या, गावात भरपूर आहेत. लाइट गेल्यावर कोणत्या रंगाची होते ते दाखवा."

मी लॅपटॉप उघडून पंखे आणि फवारे बंद केले. कालव्याकाठची गाय सकाळीच लाल झाली. बरडावरची पिवळी झाली आणि पिवळीवरच थांबली. तापीकडून येणारा वारा टेकाडावर मोकळा फिरतो, त्याला विजेची गरज नव्हती.

"आता माझी बांधा," कोकिळाबाई म्हणाल्या. त्यांनी आपल्या पडवीची लांबी-रुंदी सांगितली, पत्र्याची उंची हात वर करून दाखवली, शेजाऱ्याची भिंत कुठे आडवी येते ते सांगितलं. मी सगळं भरलं. गाय न्याहारीच्या वेळेलाच लाल झाली. मग त्यांनी गेल्या वर्षीचा मे महिना घालायला सांगितला. गेल्या वर्षीचं तापमान माझ्याकडे होतं. मी घातलं, आणि गाय लालच्या पुढे जाऊन एका काळपट रंगाची झाली. तो रंग मी सूचनापुस्तिकेत वाचला होता, पडद्यावर कधी पाहिला नव्हता. कंपनीच्या नमुन्यांत तशी वेळ येत नसे.

कोकिळाबाईंनी त्या रंगावर बोट ठेवलं.

"माझी गवळण गाय अशीच गेली," त्या म्हणाल्या. "दुपारी पाणी पाजलं आणि मी आत आले. परत जाऊन बघते तर बसलेली. मग उठलीच नाही."

त्यांच्याकडे आता दोन गायी उरल्या होत्या आणि त्यातली एक गाभण होती. जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की पुढचा उन्हाळा या पडवीत काढू नका. मालक जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा पुण्याला होता आणि गायी विकून इकडे ये म्हणून मागे लागला होता.

"मुलगा चांगला आहे, सूनही चांगली आहे," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या मजल्यावर घर आहे. मला गॅलरीत बांधतील आणि वेळेवर चहा घालतील. गोठा झाला तर मी इथे, नाही झाला तर गॅलरीत. बाकी गावाचं काय असेल ते असो, माझं एवढंच आहे."

मी त्यांना धीर दिला. रविवारी मी वाऱ्याचे आणि दमटपणाचे तक्ते लावून सगळ्यांना नीट समजावून देईन असं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. गाभण राहत नसलेल्या कालवडीकडे लोक असं पाहतात.

"भाऊ, तुम्ही जितकं समजवाल तितकं लोकांना वाटेल की अण्णांनी जास्त दिलंय."

"मग काय करू?"

"रविवारपर्यंत दोन गोष्टी करा. तोंड बंद ठेवा. आणि उद्या आप्पा जेवायला बोलावतील, नाही म्हणू नका."

"आप्पा मला कशाला बोलावतील? ते तर माझं तोंड बघायला तयार नाहीत."

"तुमचं पोट बिघडलंय म्हणून."

"माझं पोट ठीक आहे."

"ते गावाला कुठं माहिताय," कोकिळाबाई म्हणाल्या आणि फॅटच्या नळ्या धुवायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आप्पांचा माणूस आमंत्रण घेऊन आला. जेवणाची पंगत ओट्यावर होती आणि ओटा भर रस्त्यावर होता. घरात आमरस आणि खापरावरचे मांडे केले होते. मांडे ज्यांनी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो की ती हातावर फिरवत मोठी केलेली, उपरण्याएवढी पातळ पुरणपोळी असते आणि आमरसाबरोबर ती खाताना माणसाला वादाचे मुद्दे आठवत नाहीत. आप्पांपुढे मांडे आले, त्यांच्या भावापुढे आले, माझ्या ड्रायव्हरपुढे आले. माझ्यापुढे मऊ खिचडी आणि ताक आलं.

"पोटाला आराम द्या," आप्पा म्हणाले. "तिथला चहा बाधतोच. आमच्याकडे पूर्वी एक ग्रामसेवक होते, त्यांचंही असंच झालं होतं."

आजारी माणसाशी भांडू नये एवढी रीत आप्पांना होती, त्यामुळे कम्प्युटरचा विषय निघाला नाही. ते मला केळीच्या घडांबद्दल सांगत होते. मी खिचडी खात होतो आणि ड्रायव्हर तिसरा मांडा घेत होता. तेवढ्यात रस्त्यावरून डिगूअण्णा मोटारसायकलवर गेले. थोड्या वेळाने ते उलट दिशेने आले. मग पुन्हा गेले, या वेळी इतके हळू की गाडी पडेल असं वाटलं. इतक्या फेऱ्या मारण्याइतके रस्ते कुऱ्हाळ्यात नव्हते. रस्त्यावरून माझं ताट दिसत होतं. त्यात काय आहे ते दिसत नव्हतं.

दुपारी उन्हं कलताना अण्णा मी उतरलो होतो त्या संस्थेच्या खोलीवर आले. खुर्ची ओढून बसले.

"जेवण कसं काय होतं?"

"साधं. खिचडी होती."

"मांड्यांचा वास चौकापर्यंत होता, साहेब."

"मला खिचडीच वाढली, अण्णा."

अण्णांनी माझ्याकडे नव्याने आदर वाटू लागल्यासारखं पाहिलं. माझं तोंड बंद होतं, कोकिळाबाईंनी सांगितल्याप्रमाणे. माणूस गप्प बसला की समोरचा त्याच्या वाटचं बोलायला लागतो, हे मला त्या दिवशी कळलं.

"म्हणजे आप्पाला बरडच हवाय," अण्णा म्हणाले.

मी काही बोललो नाही.

"बरोबर आहे. काल टोपी घालून उठून गेला ते सोंग होतं. निकाल त्याच्या विरुद्ध गेला आणि तो तुम्हाला मांडे खाऊ घालतो, ते काय उगाच? गोठा बसला की माझी जमीन वर्षानुवर्षं संस्थेकडे अडकली. आणि त्या टेकाडावर वरून काहीतरी येणार असेल. काहीतरी मोठं, आणि ते माझ्या हातून जावं म्हणून हा डाव. आप्पाचा जावई मुंबईला मंत्रालयाजवळ असतो."

आप्पांच्या जावयाचं मंत्रालयाजवळ झेरॉक्सचं दुकान होतं. पण सरकारचे सगळे कागद कधी ना कधी झेरॉक्सला जातातच, असा अण्णांचा हिशोब होता आणि त्यात तसं पाहिलं तर खोट नव्हती.

उठताना ते म्हणाले, "तुम्ही हुशार निघालात, साहेब. दोन्हीकडचं खाल्लंत."

रविवारी सभागृह खच्चून भरलं. चादर तीच, गुलाब तेच. मला फक्त निकाल दाखवायला सांगितलं होतं. मी बरडावरची हिरवी गाय लावली आणि खाली बसलो. कोकिळाबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखसुद्धा दिली नाही.

चेअरमन उभे राहिले.

"मंडळी," अण्णा म्हणाले, "दुःखाने सांगावं लागतंय, हा कम्प्युटर विकला गेलेला आहे. माझीच जागा आहे, मी संमती दिलेली आहे, ती मी मागे घेत नाही. पण मुक्या जनावरांना त्या उघड्या टेकाडावर नेऊन भाजायचं माझ्या मनाला पटत नाही. मी बरडाच्या विरोधात आहे."

सभागृहात लोकांची डोकी चालल्याचा आवाज येत होता.

आप्पांच्या हातात घडी घातलेलं भाषण होतं, बरडाच्या विरोधातलं. ते उलगडता उलगडता ते थांबले. त्यांनी चेअरमनकडे पाहिलं, पडद्यावरच्या गायीकडे पाहिलं, पुन्हा चेअरमनकडे पाहिलं. ज्या गोष्टीला डिगू फेगडे नको म्हणतो ती गोष्ट आपल्या हिताची असणार, हा नियम त्यांनी तरुणपणापासून पाळला होता आणि त्यात त्यांचं कधी नुकसान झालं नव्हतं. त्यांनी कागदाची घडी पुन्हा घातली आणि खिशात ठेवली.

"मशीनला जात नाही, पार्टी नाही, सोयरा नाही," आप्पा म्हणाले. "परवा हीच गाय हिरवी होती तेव्हा चेअरमन हसत होते. आज ती विकली गेली? गावाने शास्त्र मानायचं की नाही एवढाच प्रश्न आहे. माझी कालव्याची जागा होती, मी ती मागे घेतो. माझा बरडाला पाठिंबा आहे."

मागून कोणीतरी हळूच विचारलं की आप्पा, परवा तुम्ही चहाचं काय म्हणत होतात. आप्पांनी त्याच्याकडे न पाहताच सांगितलं की त्या चहाने साहेब आजारी पडले, यावरून काय ते समजा.

मतदान झालं. आप्पांच्या बाजूचे हात एकदम वर गेले. चेअरमनच्या माणसांची पंचाईत झाली होती. गेले दोन दिवस त्यांनी घराघरांत जाऊन बरडाचं महत्त्व पटवलं होतं, आणि अण्णांचं मन बदलल्याचा निरोप त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. अण्णांनी तो कोणालाच सांगितला नव्हता, फुटेल म्हणून. काहींचे हात सवयीने वर गेले. काहींनी शेजाऱ्याचा पाहून वर केला. कोकिळाबाईंनी हात वर केला आणि मान वळवून त्या मागच्या रांगांकडे पाहत राहिल्या, शेवटचा हात खाली येईपर्यंत. सचिवाने मोजणी केली. ठराव झाला.

आप्पांना लोकांनी गुलाल लावला. चेअरमनना रस्ता मिळाला होता, तारा मिळाल्या होत्या, वडिलांच्या नावाची कमान मिळाली होती, आणि ते खुर्चीत असे बसले होते की कोणीतरी त्यांना लुटलं असावं.

मी निघालो तेव्हा कोकिळाबाई जीपपर्यंत आल्या. मी त्यांना विचारलं की हे सगळं केलं कसं.

"मी काय केलं? आप्पांना म्हटलं, चेअरमनच्या चहाने साहेबांचं पोट बिघडलं. त्यांना ऐकून इतकं बरं वाटलं की काय सांगू. मग अण्णांच्या सुनेची फॅट काढता काढता म्हटलं, साहेब आज आप्पांकडे जेवायला आहेत बाई, काय की. यात खोटं काय आहे?"

"पोट."

"एवढं चालतं."

"आणि अण्णांनी वेगळा विचार केला असता तर?"

"कसा?"

"सरळ."

कोकिळाबाई हसल्या. त्यांचं हसणं आवाजापेक्षा बरं होतं. "अण्णा सरळ विचार करत असते," त्या म्हणाल्या, "तर गोठा गेल्या वर्षीच झाला असता. आणि माझी गवळण असती."

नाशिकला परतल्यावर मी कंपनीला अहवाल दिला. प्रोग्रॅम बिनचूक असल्याचं लिहिलं. शेवटी एक सूचना केली की माहिती भरण्याच्या पानावर ऊन, वारा आणि दमटपणा यांच्या खाली आणखी एक रकाना असावा: पाहुणा जेवला कोणाकडे. साहेबांनी पुढच्या आवृत्तीत विचार करू असं कळवलं. पुढची आवृत्ती आली तेव्हा तिच्यात गायीच्या शेपटीला हालचाल दिली होती.

कंपनी मी पुढे सोडली. त्यानंतर किती तरी वर्षांनी रावेरला एका लग्नाला गेलो होतो, तेव्हा वाट वाकडी करून कुऱ्हाळ्याला गेलो. महिना मेच होता. खानदेशात लग्नं नेमकी याच महिन्यात करतात, बहुधा नवरा-नवरीला एकमेकांची पारख व्हावी म्हणून. बरडावर पक्का रस्ता होता. कमानीवर डिगूअण्णांच्या वडिलांचं नाव होतं आणि कमानीच्या खालीच दुसरी पाटी होती, तिच्यावर 'श्री. लीलाधर वारके यांच्या अथक प्रयत्नांतून' असं लिहिलेलं होतं. अण्णा आणि आप्पा दोघेही थकले होते. दोघांनीही मला ओळखलं, आणि दोघांनीही मला वेगवेगळं गाठून एकच गोष्ट सांगितली: त्या वेळी समोरच्याने कम्प्युटर विकत घेतला होता, पण आपण त्याला पुरून उरलो. अण्णांनी वर हेही सांगितलं की टेकाडावर येणारं ते मोठं अजून आलेलं नाही, पण हालचाल आहे. मी दोघांनाही हो म्हणालो. चेहरा जसा ठेवायला शिकवला होता तसाच ठेवला.

गोठ्यात शिरलो तेव्हा लाइट गेलेली होती. पंखे थांबलेले, फवारे कोरडे. पण उंच छपराखालून वारा आरपार जात होता आणि दोन्ही बाजूंना गायी ओळीने बसून रवंथ करत होत्या. मधल्या वाटेत खाट टाकून बनियनवर एक माणूस झोपला होता.

"मुलगा आहे," मागून येत कोकिळाबाई म्हणाल्या. केस सगळे पांढरे झाले होते, आवाज तसाच होता. "पुण्याहून आलाय. घरात उकडतं म्हणून इथे येऊन झोपतो. मी म्हटलं झोप बाबा, गॅलरीपेक्षा बरं."

त्यांनी मला शेवटच्या खांबाशी बसलेल्या गायीपाशी नेलं. त्या उन्हाळ्यात पोटात होती त्या कालवडीची ही नात, असं काहीतरी नातं त्यांनी सांगितलं.

"कोणत्या रंगाची आहे?" त्यांनी विचारलं.

मी नीट पाहिलं. गाय काळी-पांढरी होती, डोळे अर्धे मिटलेले, जबडा सावकाश हलत होता.

"हिरवी," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली आणि घरी जेवायला चला म्हणाल्या. मांडे केले होते. माझी पावलं थोडी अडखळली. खाली रस्त्यावर अण्णांची मोटारसायकल उभी होती आणि समोरच्या ओट्यावर आप्पा बसलेले दिसत होते. आम्ही खाली उतरलो तर दोघांच्याही नजरेसमोरून जावं लागणार होतं. कोकिळाबाईंच्या ते लक्षात आलं.

"चला हो," त्या म्हणाल्या. "आज निवांत जेवा. आज गावात काही ठरायचं नाहीये."